बॅटरी पूर्ण उतरू देऊ नका!

“बॅटरी पूर्ण उतरू दे, मगच चार्जिंगला लाव,” असे तुमच्याही घरी सांगत असतील. माझ्या मते हा सल्ला आता मोडीत काढावा. तो जुन्या निकेल-कॅडमियम घटांचा. आजच्या स्वस्तातल्या स्वस्त स्मार्टफोनमध्येही लिथियम-आयन घट असतो. सोनी कंपनीने तो १९९१ साली बाजारात आणला. त्याच्या विकासासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा घट चार्ज होताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांत शिरतात, वापरताना बाहेर पडतात. घट शंभर टक्के भरलेला आणि वर तापलेला राहिला, की आतल्या द्रावणाचे विघटन वाढते, थोडे लिथियम कायमचे अडकून पडते आणि साठवणक्षमता कमी होते. वारंवार पूर्ण रिकामा केल्यानेही तो लवकर झिजतो. म्हणून २० ते ८० टक्क्यांत ठेवलेला बरा. प्रवासाच्या दिवशी शंभर केलेत तर बिघडत नाही!

खरा शत्रू उष्णता. मुळशीतल्या नांद्यात मे महिन्यात पत्र्याचे घर किती तापते, हे तिथल्या मुलांना सांगायला नको. अशा घरात उशीखाली फोन ठेवून रात्रभर चार्ज करणे सोडाच. जास्त वॅटच्या चांगल्या चार्जरला मात्र उगाच भिऊ नका. फोन झेपेल तेवढीच शक्ती घेतो.

घरात एकच फोन आणि त्यावरच सगळ्या भावंडांचा अभ्यास असेल, तर बॅटरी वर्षभर जास्त टिकणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. फुगलेली बॅटरी मात्र वापरू नका, टोचू नका, कचऱ्यातही टाकू नका. दुरुस्तीच्या दुकानात द्या.