चिमटीतली परीक्षा

दिवाळी तोंडावर आली की मध्यमवर्गीय घरांतून एक मोठी मोहीम निघते. तिचे नाव कापडखरेदी. हल्ली तयार कपड्यांचे दिवस आहेत, आणि निम्मी खरेदी तर घरबसल्या पडद्यावर बोट दाबून होते; तरीही घरातली एखादी आजी किंवा आत्या दुकानात बरोबर असली, तर ती काय करते ते पाहण्यासारखे असते. ती भाव विचारीत नाही, रंगही पाहत नाही. आधी कापडाचे टोक अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून हलकेच चोळते आणि म्हणते, "नुसती खळ आहे ही. दोन धुण्यांत पोतेरे होईल याचे." दुकानदाराचा चेहरा पडतो. त्या चिमटीत एक अख्खे शास्त्र असते. ते तिला कोणत्या इयत्तेत शिकवले आणि त्याचे किती गुण पडले, हे मात्र आपण कधी विचारीत नाही.

मराठीच्या प्राध्यापकाने कापडाच्या भानगडीत का पडावे, असे कोणी म्हणेल. त्याला कारण घडले भोरचे. तेथील एका शाळेत माझे एक स्नेही चित्रकला शिकवतात. नववीपासून बारावीपर्यंतच्या मुलामुलींना कापड आणि त्यावरची नक्षी यांतले कितपत कळते, हे एकदा नीट तपासून पाहावे, असे त्यांच्या मनाने घेतले. वस्त्रशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंना त्यांनी पुण्याहून बोलावले आणि मला फोन केला, "मुलं कापडाबद्दल बोलताना जे शब्द वापरतील, ते तुम्ही टिपून घ्या. आम्हा दोघांचे कान त्याला तयार नाहीत." हे शेवटचे वाक्य मला आवडले, आणि श्रावणातल्या एका सकाळी मी भोरच्या एस.टी.त जाऊन बसलो.

चित्रकलेच्या शासकीय श्रेणी परीक्षा वाचकांना ठाऊक असतीलच. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या परीक्षांना महाराष्ट्रभरची मुले बसतात. त्यांत संकल्पचित्राचा एक पेपर असतो. पाने, फुले, पक्षी किंवा भूमितीचे आकार घेऊन ठरावीक चौकटीत नक्षी रचायची. ही रचना चांगली जमणारी मुले गावोगाव आहेत. परंतु ती नक्षी कागदावर सुरू होते आणि कागदावरच संपते. ती मागावर चढेल का, कापडाच्या पोताला शोभेल का, या प्रश्नांपर्यंत गाडी जात नाही. म्हणून आमच्या स्नेह्यांनी आपल्या परीक्षेचे तीन भाग पाडले होते: लेखी प्रश्न, कापडाचे तुकडे ओळखणे, आणि एका रुमालाची नक्षी.

पहिल्या दिवशी भोरच्या शाळेत लेखी उत्तरे वाचून बाई खूश झाल्या. तंतूंचे प्रकार, सुती कापडाचे फायदे, सगळे मुद्देसूद होते. मग टेबलावर तुकडे मांडले, आणि रंग पालटला. चकाकते ते रेशीम, असा बहुतेकांचा हिशेब. अंगावरच्या गणवेशाला सगळ्यांनी बिनदिक्कत 'सुती' म्हटले. बाईंनी त्याच कापडाच्या एका चिंधीतून दोरा काढला, चिमट्यात धरला आणि पेटवला. सुती दोरा जळताना कागदासारखा वास येतो आणि चिमटीत विरून जाणारी हलकी राख उरते. लोकर आणि रेशीम यांना केस जळल्याचा वास येतो, आणि उरलेली काळी गोळी बोटांनी कुस्करता येते. येथे मात्र दोरा आकसला, वितळला आणि टोकाला मण्यासारखा टणक गोळा उरला. म्हणजे सुताच्या जोडीला पॉलिएस्टर होते; १९४१ साली इंग्लंडात शोधलेला आणि आपल्याकडे टेरिलीन या नावाने घरात शिरलेला तो कृत्रिम धागा. मुले आपल्याच बाह्यांकडे पाहू लागली.

दुसरा प्रश्न सुताच्या नंबराचा होता. २० नंबरचे सूत जाड की ८० नंबरचे? सर्वांचे बोट ८० वर. वास्तविक एक पौंड वजनात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात, तो त्या सुताचा नंबर. लडी जास्त, म्हणजे सूत बारीक. गणित पाचवीचे आहे, पण कापसाचे बोंड ज्यांनी पुस्तकातच पाहिले, त्या भाताच्या मुलखातल्या मुलांना ते कसे सुचावे?

इतके झाल्यावर मुलांना काही येत नाही, असा शेरा मारून आम्ही चहाला उठलो असतो. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा जीन्सच्या तुकड्यावर धागे मोजायचे भिंग ठेवून बराच वेळ वाकून राहिला होता, तो म्हणाला, "सर, ही तर तट्ट्याची वीण हाय."

"कशावरून?" स्नेह्यांनी विचारले.

"घरी बांबूचा तट्टा विणत्यात. दोन पट्ट्या उचलायच्या, दोन दाबायच्या. फुडच्या वळीला एक घर सरकायचं. मंग अशी तिरपी रेघ पडती."

बाई खुर्चीवरून उठल्याच. जीन्सच्या कापडात उभे निळे धागे बहुधा तीन आडव्या पांढऱ्या धाग्यांवरून जातात आणि एकाखालून. पण दर ओळीला एक घर सरकणे अगदी तेच. ज्या विणीला पुस्तकात 'ट्विल' म्हटले आहे आणि जिची आकृती लेखी पेपरात कोणालाच धड काढता आली नव्हती, ती या मुलाच्या अंगणात रोज पडलेली असते. त्याला लेखीत त्या प्रश्नाला शून्य होते. आकृतीच्या वर त्याने फक्त 'ट्विल' एवढा शब्द लिहून सोडला होता, आणि तोही चुकीचा.

रुमालाच्या नक्षीतही असेच घडले. काठाची वेल काढणे सोपे. ती कोपऱ्यात वळवणे अवघड. तेथे बहुतेकांची वेल मध्येच तुटली, काहींनी एक मोठे फूल काढून ती जागा झाकली. एका मुलीचे चारी कोपरे मात्र सारखे वळले होते. तिने सांगितले, की वाकळ शिवताना आजी आधी काठाचा मध्य धरते, मग दोन्ही कोपऱ्यांकडे जाते. आपण शहरात जिला गोधडी म्हणतो, तीच ही वाकळ. जुन्या लुगड्यांचे थर घालून बाहेरच्या काठापासून आत आत चौकोनात चौकोन टाके घालीत जायचे. रचनेचे जे सूत्र संकल्पचित्राच्या तासाला फळ्यावर शिकवावे लागते, ते या घरात थंडीत पांघरतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही नसरापूरवरून वेल्ह्याला गेलो. या तालुक्याला आता राजगडाचे नाव मिळाले आहे; तोरणाही याच तालुक्यात. पाऊस असा, की खिडकीतून समोरचा डोंगर दिसेना. पूर्वी अशा पावसात भातलावणीला बायका बांबूकामट्यांची आणि पानांची इरली घेऊन वाकत. हल्ली शेतात निळे-पिवळे प्लॅस्टिक दिसते. तेथल्या शाळेत बारावीतली एक मुलगी होती. तिला पुण्याला पोशाखरचनेच्या पदविकेला जायचे होते, आणि बरे गुण पडले तर पुढे पाठवू, असे घरच्यांनी सांगितलेले. 'लोकरीचे दोन गुणधर्म लिहा' या प्रश्नाखाली तिची जागा कोरी होती.

टेबलावर एक घोंगडे होते. तिने ते नुसते पाहिले नाही, उचलले, नाकाशी धरले आणि म्हणाली, "नवं हाय. चिंचोक्याची खळ अजून गेली न्हाई."

"पावसात चालेल का ग हे?" मी विचारले.

"चालतंय की. भिजतं, जड बी हुतं. पन आत ऊब ऱ्हाती. आजा ह्याचीच खोळ करून म्हशींमागं जातो. पलास्टिकात घाम येतो म्हनतो."

चिंचोक्याची खळ तिने वासावरून ओळखली होती, आणि ती बरोबर होती. घोंगड्याच्या ताण्याला विणकर तीच लावतात. मी बाईंना म्हटले, की हिला त्या कोऱ्या जागेचेही गुण द्यावेत. बाई नाही म्हणाल्या.

"प्राध्यापकमहाशय, तुम्हांला तिच्या बोलीचं कौतुक आहे, आणि मला तिच्या पुढच्या परीक्षेची काळजी. तिथे कोणी तिच्या हाती घोंगडं देणार नाही. कागद देतील. 'ऊब ऱ्हाती' एवढ्यावर तिथे भागत नाही. का राहते, ते लिहावं लागतं."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण बाईंचे म्हणणे खरे होते. पण नुसते नाही म्हणून त्या थांबल्या नाहीत. मुलीशेजारी बसून त्यांनी घोंगड्याचा एक धागा उकलला. लोकरीचा तंतू कुरळा असतो, त्या वळणांत हवा अडकून बसते, आणि अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही.

मुलगी म्हणाली, "म्हंजे घोंगडं पानी पितं, पन वलं हुत न्हाई?"

"आता हेच लिही," बाई म्हणाल्या, "आणि पुढे 'आर्द्रता शोषण्याची क्षमता' हे तीन शब्द जोड."

सारे मिळून दहा मिनिटे लागली असतील. लेखीचे गुण कोरेच राहिले. तुकडे ओळखण्यात पुरे पडले. एकूण बेरीज मध्यम झाली. ती घेऊन मुलगी घरी गेली. पुढे पाठवायचे की नाही, ते तिच्या घरी येत्या वैशाखात ठरेल.

परतीच्या वाटेवर माझ्या मनात आले, की आपल्या राज्यात हा प्रयोग पूर्वी एकदा झालेला आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा केला, आणि सूत कातणे-विणणे हा त्यातला एक प्रमुख उद्योग ठरला. पुढे कितीतरी शाळांत टकळी आणि पेळू आले. माझ्या वडिलांनीही लहानपणी टकळी फिरवली. कल्पना अशी, की सूत कातता कातता मुलाला गणित, भूगोल, इतिहास उलगडावा. सुताचा नंबर काढताना भागाकार यावा. वडील सांगत, की त्यांच्या वर्गात सूत मोजले जाई, जाण मोजली जात नसे. आणि मग घरून मोठ्या माणसांनी कातलेली लडी आणून दाखवणारी हुशार मुलेही निघाली. तेथे हात होता, पण हाताला प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. आज आपल्याकडे प्रश्नपत्रिका आहे, आणि हात बाकाखाली आहेत.

बाईंनी वेल्ह्याला जे केले, त्यात मला या दोन्हींचा मेळ दिसला. आधी वस्तू हातात द्यावी. मूल स्वतःच्या शब्दांत काय सांगते ते ऐकावे. मग त्या शब्दाला शास्त्राचा शब्द जोडून द्यावा. याच क्रमाने शिकवावे आणि याच क्रमाने तपासावे. उलट्या क्रमाने गेलो, तर तट्टा विणणाऱ्याच्या मुलाला शून्य मिळते, आणि गणवेश सुती आहे असे छातीठोक लिहिणारा पहिला येतो.

शहरातल्या आपल्या मुलांचे काय? त्यांच्या अंगणात तट्टा नाही आणि घरात घोंगडे नाही. पण कपाट आहे. आपल्या भाषेने कापडाचा संसार किती बारकाईने मांडून ठेवला आहे, ते त्या कपाटाशी उभे राहिल्यावर कळते. करवतकाठी साडीच्या काठाला करवतीचे दात असतात. पैठणीचा काठ कधी नारळी, कधी मुनियांचा, आणि पदरावर आसावलीची वेल. संक्रांतीची काळी चंद्रकळा निराळी, इरकलीचा पदर निराळा. रंग तर फळाफुलांवरून आणि स्वयंपाकघरावरून उचललेले: डाळिंबी, अंजिरी, अबोली, आमसुली, श्रीखंडी. हे शब्द नुसते पाठ करून टिकत नाहीत. ते काठावरून बोट फिरवीत शिकावे लागतात.

म्हणून या दिवाळीत फराळ झाल्यावर घरच्या घरी एक परीक्षा घ्यावी, अशी माझी सूचना आहे. वेळ अर्धा तास, प्रश्न पाच. पहिला: डोळे मिटून तीन कापडे चिमटीत धरा आणि सुती कोणते ते सांगा. दुसरा: मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, पाण्याची वाटी जवळ ठेवून, एका चिंधीचा दोरा जाळा आणि वास ओळखा. तिसरा: भिंगातून जीन्सची वीण पाहा आणि कागदाच्या पट्ट्यांनी तशीच विणून दाखवा. चौथा: रुमालाला काठ काढा आणि तो कोपऱ्यात तुटू न देता वळवा. पाचवा प्रश्न आजीने तिच्या कपाटातून काढायचा, तिच्याच शब्दांत विचारायचा, आणि तो तपासायचाही तिनेच.