विश्लेषण : क्रार आणि ऊद एकत्र वाजतील; पण इथिओपिया-सोमालियाचे शब्द जुळतील का?

इथिओपियाने १ जानेवारी २०२४ रोजी सोमालीलँडशी समुद्रकिनाऱ्याच्या वापराबाबत सामंजस्य करार केला आणि सोमालिया संतापला. सोमालीलँड हा आपलाच भाग आहे, असे सोमालियाचे म्हणणे. वर्षभराच्या तणातणीनंतर डिसेंबर २०२४मध्ये तुर्कस्तानच्या मध्यस्थीने अंकारा येथे तोडगा निघाला आणि जानेवारी २०२५मध्ये दोन्ही देशांनी राजनैतिक संबंध पूर्ववत करण्याचे ठरवले. शेजाऱ्यांचे सूर जुळू लागले, असे अशा वेळी म्हटले जाते. पण खरोखरचे सूर, म्हणजे अम्हारिक आणि सोमाली पारंपरिक संगीत, एकत्र आणायचे तर काय लागेल? स्वरांची अडचण वाटते त्यापेक्षा लहान आहे. खरी अडचण शब्दांची आणि आठवणींची आहे.

साम्य कशात आहे?

दोन्ही संगीते प्रामुख्याने पाच स्वरांवर उभी आहेत. अम्हारिक संगीतात ‘किग्नित’ म्हणजे स्वरांच्या चार मुख्य चौकटी असतात : तिझिता, बाती, अंबासेल आणि अंचिहोये. त्यातील तिझिताच्या एका प्रकाराचे स्वर सा, रे, ग, प, ध असे येतात. म्हणजे आपला भूप. बातीच्या एका प्रकारात धानीचे स्वर सापडतात, तर अंबासेलचे स्वर गुणक्रीशी जुळतात. अर्थात, हे साम्य फक्त स्वरांच्या यादीपुरते. रागाचे चलन, वादी-संवादी, गाण्याची वेळ यातले काहीही तिथे नाही, त्यामुळे ‘इथिओपियात भूप गातात’ असे समाजमाध्यमी निष्कर्ष काढू नयेत.

सोमाली गाणीही बहुतांशी पाच स्वरांतच फिरतात. त्यामुळे अदिस अबाबाच्या श्रोत्याला हर्गेसातील जुने प्रेमगीत परके वाटण्याचे कारण नाही.

वाद्ये एकत्र आली तर अडते कुठे?

क्रार हे अम्हारिक संगीताचे ओळखीचे तंतुवाद्य. वाडग्यासारखे चामडे मढवलेले खोड, त्यातून वर गेलेले दोन दांडे, वर एक आडवी काठी आणि पाच किंवा सहा तारा. तारेवर बोट दाबून नवा स्वर काढायची सोय नाही. जेवढ्या तारा, तेवढे स्वर. त्यामुळे चौकट बदलली की तारा नव्याने लावाव्या लागतात. आपल्याकडे गायक मैफलीआधी स्वरमंडळ रागाप्रमाणे लावून घेतो, तसेच. क्रार वाजवण्याची एक रीत तर फारच गमतीची आहे : उजव्या हाताने सगळ्या तारा एकदम छेडायच्या आणि नको असलेल्या तारा डाव्या हाताच्या बोटांनी दाबून गप्प करायच्या.

सोमाली संगीताचा कणा असलेला ऊद याच्या अगदी उलट. सोमाली भाषेत त्याला ‘कबान’ म्हणतात. मानेवर पडदे नाहीत, सरोदसारखेच. बोट कुठेही सरकवा, मधला कोणताही स्वर मिळतो. त्यामुळे दोघांनी एकत्र बसायचे तर क्रार आपल्या पाच स्वरांवर ठाम राहणार आणि जुळवून घेणार तो ऊदवादक. तांत्रिकदृष्ट्या हा प्रश्न तासाभरात सुटण्यासारखा आहे. एक वाद्य स्थिर, दुसरे लवचीक. दोन्ही स्थिर असती तर पंचाईत होती.

मसेंको हे तिसरे वाद्य. चौकटीवर चामडे, घोड्याच्या केसांची एकच तार आणि गज. त्याचा स्वर माणसाच्या आवाजासारखा लांबवता येतो, त्यामुळे ते ऊदच्या तुटक स्वरांना छान धरून ठेवील. बेगेनाबाबत मात्र हात आखडता घ्यावा. दहा तारांचे हे मोठे वाद्य भक्तिसंगीताचे आहे. तारेखाली चामड्याचे तुकडे बसवून त्यात जो झंकार आणला जातो तो तानपुऱ्याच्या जवारीची आठवण करून देतो. आवाज कितीही मोहक असला तरी लग्नाच्या मंडपात ते ओढून आणणे अनेक इथिओपियन श्रोत्यांना रुचणार नाही.

मग शब्दांचे काय?

इथे खरी गाठ आहे. सोमाली गाणे मुळात कविता आहे. ते तीन जणांचे मिळून होते : शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, आवाज गायकाचा. ‘मिधो’, ‘लहन’ आणि ‘कोद’ अशी त्यांना वेगळी नावे आहेत. कवितेला वृत्ताचे कडक नियम असतात आणि त्यावर अनुप्रासाची सक्ती. एक अक्षर निवडले की ओळीओळीत त्या अक्षराने सुरू होणारा शब्द आलाच पाहिजे. १९७०च्या दशकात नावारूपाला आलेल्या हाद्रावी या कवीची थोरवी सोमाली लोक आजही याच कसोटीवर सांगतात.

अम्हारिक परंपरेतील ‘अझमारी’ हा फिरता गायक-वादक एकटाच सगळे करतो. मसेंको हातात घेऊन समोरच्या गिऱ्हाईकाकडे बघत तो तिथल्या तिथे ओळी रचतो, स्तुती करतो, टोमणा मारतो. त्याचे शस्त्र म्हणजे ‘मेण आणि सोने’ : वरचा अर्थ मेणाचा, आत दडलेला सोन्याचा. सोनाराच्या मेणाच्या साच्यावरून आलेली ही कल्पना आपल्या श्लेषाला जवळची आहे.

एकीकडे आधी घडवलेला, बांधीव शब्द. दुसरीकडे क्षणात सुचलेला, दुहेरी शब्द. अम्हारिक ओळीचे सोमालीत भाषांतर केले तर श्लेष मरतो. सोमाली ओळ अम्हारिकमध्ये नेली तर अनुप्रास मरतो. म्हणून ‘एकच गाणे दोन भाषांत’ हा सोपा नुस्खा या जोडीला लागू पडत नाही. एका चालीवर आधी कवीचे सोमाली कडवे, मग त्याला अझमारीचे उत्स्फूर्त अम्हारिक उत्तर, अशी सवाल-जवाबाची रचना अधिक प्रामाणिक ठरेल.

युद्धाची सावली किती गडद?

१९७७मध्ये ओगादेनच्या ताब्यासाठी सियाद बारे यांनी सैन्य घुसवले. सोव्हिएत संघ आणि क्युबाच्या मदतीने इथिओपियाने १९७८मध्ये ते परतवून लावले. डिसेंबर २००६मध्ये इथिओपियाचे सैन्य मोगादिशूत शिरले. अशा इतिहासात वाद्येही निष्पाप राहत नाहीत.

संगीताचे नुकसान मात्र ज्याच्या त्याच्या घरातूनच अधिक झाले. इथिओपियात १९७४नंतरच्या लष्करी राजवटीतील संचारबंदीने अदिस अबाबाचे रात्रजीवन आणि त्यावर जगणारे बँड संपवले. सोमालियात १९८८मध्ये बारे यांच्याच विमानांनी हर्गेसावर बॉम्ब टाकले. रेडिओ हर्गेसाच्या फिती वाचवण्यासाठी लोकांनी जमिनीत पुरल्या. एप्रिल २०१०मध्ये एका कट्टर गटाने मोगादिशूतील रेडिओ केंद्रांना संगीत बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा काही केंद्रांनी शीर्षकसंगीताच्या जागी गोळीबाराचे आवाज वाजवले.

हे मिश्रण याआधी कुठे झाले?

सीमेवरच्या शहरांत. अदिस अबाबा-जिबूती रेल्वेमुळे वसलेल्या दिरे दावात ओरोमो, सोमाली, अम्हारा आणि हरारी लोक शेजारी राहतात. तिथला अली बिर्रा हा ओरोमो गायक ऊद वाजवायचा आणि अनेक भाषांत गायचा. २०२२मध्ये त्याचे निधन झाले. त्याच्या गाण्यांना कोणी ‘फ्युजन’ म्हणत नसे. शहरच तसे होते. यादवी युद्धानंतर मोगादिशूच्या दुर-दुर बँडमधील काही जण इथिओपियातच आश्रयाला गेले, हेही विसरता येत नाही.

सोमाली ऊदची गोष्टही मुळात मिश्रणाचीच. १९४०च्या दशकात अब्दी सिनिमो या ट्रकचालकाने ‘बालवो’ ही छोटी प्रेमगीते लोकप्रिय केली. पुढे अब्दुल्लाही कर्शे यांनी सोमाली गाण्याला ऊदची जोड दिली. त्यांचे शिष्य हुदेदी एडनमध्ये वाढले. हे एडन १९३२पर्यंत मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होते. पुढे हिंदी चित्रपटांच्या चालींचीही सोमाली गाण्यांवर छाप पडली. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

कीबोर्डने काम भागत नाही का?

भागते, आणि तोच धोका आहे. युद्धानंतर बँड पांगले आणि सोमाली लग्नांत एक गायक व एक कीबोर्ड एवढाच संच उरला. अदिसच्या स्टुडिओतही क्रारचा आवाज बटणावर मिळतो. कीबोर्डवरील बारा स्वरांमधील अंतरे सारखी असतात. कानाने लावलेल्या क्रारची आणि सरकत्या ऊदची अंतरे तशी नसतात. सॉफ्टवेअरने सगळे एका मापात बसवले की दोन्ही वाद्ये नुसती नावाला उरतात. मुलातु अस्तात्के यांनी इथिओ-जॅझ घडवताना पाश्चात्त्य वाद्ये घेतली, पण अमेरिकेतील एमआयटीमध्ये त्यांनी क्रारचीच सुधारित आवृत्ती बनवण्यावर काम केले. मर्यादा वाद्याची असेल तर वाद्यावर काम करायचे, त्याला हटवायचे नाही, हा मार्ग मला अधिक पटतो.

शिकवणारे कोण, हा प्रश्न मात्र तातडीचा आहे. अदिस अबाबातील यारेद संगीत विद्यालयात क्रार आणि मसेंको रीतसर शिकता येते. ऊदची सोमाली शैली मात्र गुरूच्या हातातून शिष्याच्या हातात गेली. हुदेदी यांचे एप्रिल २०२०मध्ये लंडनमध्ये करोनाने निधन झाले. हर्गेसाच्या सांस्कृतिक केंद्रात हजारो जुन्या कॅसेट जपल्या आहेत आणि गायिका सहरा हलगन यांच्या ‘हिद्दो धवर’ या ठिकाणी आजही ऊदच्या साथीने जुनी गाणी होतात. अदिसचा एखादा क्रारवादक तिथे जाऊन बसायचा, तर हर्गेसा आहे सोमालीलँडमध्ये, म्हणजे नेमक्या त्या वादग्रस्त कराराच्या भूमीवर.