कार्डाचे देणे आणि दारातली गाडी



जुना सावकार जप्ती आणायचा तेव्हा निदान कोर्टाचा हुकूमनामा तरी दाखवायचा. आता मोटारसायकलवर दोघे-तिघे येतात. हातात फक्त मोबाईल. क्रेडिट कार्डाची थकबाकी चारचौघांत वाचून दाखवतात आणि किल्ली मागतात. कार्ड सुप्याच्या एमआयडीसीत कामाला असलेल्या पोराचे, आणि ओढून नेतात ती बापाची दुधाची गाडी! हा कुठला कायदा?

हिशेब सरळ आहे. गाडीसाठी कर्ज काढले तर गाडी तारण असते, आरसी बुकावर फायनान्स कंपनीचा बोजा असतो. कार्डाला सहसा तारणच नसते. पगाराची पावती पाहून बँकेने उधारी दिली. तो धोका तिने आपल्या खुशीने घेतला. ही उधारी थकली तर बँकेने दिवाणी कोर्टात दावा लावावा, हुकूमनामा मिळवावा, मग जप्ती कोर्टाचा बेलिफ करील. तीही कार्डवाल्याच्या मालकीची, बापाच्या नव्हे. आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे शेतकऱ्याची औते, पोटापाण्याला लागणारी जनावरे आणि बियाणे यांना कोर्टही हात लावू शकत नाही. जे कोर्टाला जमत नाही ते कमिशनवरचा वसुलीवाला करणार?

गाडी तारण असली तरी दांडगाईला परवाना नाही. २००७ साली सुप्रीम कोर्टाने आयसीआयसीआय बँकेच्या खटल्यात बजावले, की गुंड पाठवून गाडी ओढता येणार नाही. तरी सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडात हजारीबागला ट्रॅक्टर न्यायला वसुलीवाले आले आणि शेतकऱ्याची गरोदर लेक त्याच ट्रॅक्टरखाली मेली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने त्या फायनान्स कंपनीची बाहेरच्या एजंटांकडून होणारी वसुली काही महिने बंद केली. जीव गेल्यावर जाग आली.

आता व्याजाचे बघा. महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला बेचाळीस. कपाशी आणि ज्वारी वर्षाला एकदा हाती येते, तीही पाऊस पडला तर. कार्डाचे बिल दर महिन्याला येते. पगारदाराच्या मापाचा अंगरखा कोरडवाहू घराला घातला, तर तो फाटणारच. दहा हजारांवर वर्षाला ४,२०० व्याज, वर दंड, वर जीएसटी. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली तीस टक्क्यांवरचे व्याज अनुचित ठरवले होते. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द केला. आपल्या आजोबांना दामदुप्पट ठाऊक होते: व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. बँकेला ते बंधन नाही.

हा जिल्हा हे सारे पूर्वी पाहून बसला आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात (आपल्या पारनेरच्या नव्हे) शेतकरी उठले, आणि वणवा पारनेर, श्रीगोंदे, कर्जतपर्यंत पोचला. लोकांनी सावकारांकडून खते आणि हुकूमनामे मागून घेतले आणि जाळले. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. देण्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणे बंद झाले, आणि खत बाजूला ठेवून मुळापासून हिशेब तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला. गोऱ्या सरकारने हे दिले. आपल्या सरकारने १९८४ साली बँकिंग कायद्यात कलम २१-अ घातले: व्याज जबर आहे म्हणून बँकेचा हिशेब कोर्टाने पुन्हा उघडायचा नाही! सावकाराची वही तपासायची, बँकेची मात्र झाकून ठेवायची.

देणे बुडवा, असे आम्ही सांगत नाही. बँकेने कोर्टात यावे, हिशेब मांडावा, एवढेच म्हणतो. तोवर हे करा. वसुलीवाल्याकडे बँकेचे पत्र आणि ओळखपत्र मागा. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर त्याने फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२२ चा आदेश आहे. ‘गाडी स्वखुशीने दिली’ अशा कागदावर सही करू नका. कोरा चेक देऊ नका. जबरदस्ती झाली तर चार माणसे घेऊन ठाण्यात जा आणि लेखी तक्रारीची पोच घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचे: लाजेने दार लावून घेऊ नका. वसुलीवाल्याचे सारे बळ आपल्या लाजेत आहे. तो दारात आला की शेजाऱ्यांना हाक मारा. शेवगाव असो की जामखेड, कोर्टाच्या कागदाशिवाय कार्डाच्या देण्यापोटी एकाही गावातून गाडी हलता कामा नये.