हेअरस्टाईल करायचे पैसे घेता, मग सोडवायचे का नाही?



ब्रायडल मेकअप आणि हेअरचं काम नव्याने सुरू करणाऱ्या मुलींना एका प्रश्नाची भीती वाटते. ट्रायलला आलेली नवरी विचारते, "ताई, बॅककॉम्बिंगने केस खराब होतील का हो?" आणि आपली उद्योजिका पटकन म्हणून टाकते, "छे छे, काही होत नाही."

हे उत्तर देऊ नका. ते खोटं आहे, आणि खोटं आहे हे लग्नाच्या रात्रीच नवरीला कळतं.

केसाच्या वरच्या थराला बारीक खवले असतात, मुळाकडून टोकाकडे, कौलांसारखे एकावर एक बसलेले. आपण विंचरतो ते कौलांच्या उताराच्या दिशेने. बॅककॉम्बिंगमध्ये कंगवा उलटा जातो, खवले उचलले जातात आणि एकमेकांत अडकतात. अडकतात म्हणून तर केस फुगलेले उभे राहतात! म्हणजे जी गोष्ट पफ देते, तीच गोष्ट केस झिजवते. 'अजिबात नुकसान नाही' असा बॅककॉम्बिंगचा प्रकार नाही. नुकसान किती होऊ द्यायचं, हे मात्र बरंचसं आपल्या हातात असतं.

आणि माझं स्पष्ट मत असं आहे की आपल्याकडे केस जास्त तुटतात ते पफ करताना नाही, तर सोडवताना. पण सोडवणं आपल्या रेटकार्डवर नसतं.

आपल्या लग्नाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळच्या मुहूर्ताला नऊवारी, अंबाडा किंवा खोपा, वर मुंडावळ्या. संध्याकाळी रिसेप्शनला पुढे पफ आणि मागे मोकळे कर्ल. मधल्या वेळात हॉलच्या खोलीत वीस मिनिटांत सकाळचा सगळा थाट उतरवायचा, दारावर फोटोग्राफर थाप मारतोय, आणि हेल्पर मुलगी वरून खाली खसाखसा कंगवा ओढतेय. स्प्रेने कडक झालेला गुंता असा ओढला की केस अर्ध्यातून तुटतो. मग त्याच केसांवर पुन्हा बॅककॉम्बिंग, पुन्हा स्प्रे.

रात्री तर आपण नसतोच. नवरी सासरी पोचलेली, डोक्यात चाळीस-पन्नास पिना. नवीन घरात "माझे केस सोडवायला मदत करता का?" असं सासूबाईंना म्हणायची तिची हिंमत होत नाही. ती आरशासमोर एकटी बसून हाताला लागतील तेवढ्या पिना ओढते आणि तशीच झोपते. सकाळी सत्यनारायण, म्हणून डोक्यावरून न्हायचं. न विंचरलेल्या गुंत्यावर शाम्पू चोळला की त्याचा गोळाच होतो. तुमचं नाव तिला त्या न्हाणीघरात आठवणार आहे, आणि ते चांगल्या अर्थाने नाही.

केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात. भांगाजवळ मुळापासून तुटलेला केस पुन्हा दहा इंच व्हायला जवळजवळ दोन वर्षं लागतात. तोवर ती आखूड टोकं डोक्यावर उभी राहून तुमची जाहिरात करत असतात.

आता करण्याच्या पद्धतीबद्दल थोडं. आदल्या दिवशी धुतलेले, पूर्ण कोरडे केस सगळ्यात चांगले. ओला केस ताणला जातो आणि लवकर तुटतो, त्यामुळे ओलसर केसांवर बॅककॉम्बिंग कधीच नाही. इंचभर रुंदीची पातळ बट सरळ वर ताणून धरा, मुळाशी थोडा स्प्रे मारा, तो वाळू द्या. मग कंगवा फक्त खाली, टाळूच्या दिशेने ढकला, मुळापासूनच्या दोन-तीन इंचांतच. दोन-तीन वेळा पुरे. दरवेळी कंगवा बाहेर काढून पुन्हा वर ठेवायचा. करवतीसारखा खालीवर चालवायचा नाही. नव्या मुलींचं इथेच चुकतं, कारण करवत चालवली की केस लवकर फुगतात. कपाळालगतच्या बारीक केसांना हात लावू नका आणि वरचा थर झाकायला गुळगुळीतच ठेवा. उंची हवी तेवढ्याच बटा करा. चार नीट केलेल्या बटांनी जे होतं त्यासाठी बारा बटा कशाला?

काही डोक्यांना नाही म्हणायला शिका. ब्लीच केलेले केस, नुकतंच स्मूदनिंग झालेले केस, बाळंतपणानंतर गळणारे केस. अशा वेळी स्टफिंग वापरा, किंवा गंगावन. आपल्या आज्या-पणज्यांनी वेणी दाट दिसावी म्हणून स्वतःचे केस कुठे पिंजले होते? त्यांनी गंगावन लावलं. तेच आज 'एक्स्टेन्शन' म्हणून महाग विकलं जातं, हा भाग वेगळा.

उंच केसांची फॅशन काही नवी नाही. शिकागोतल्या मार्गारेट व्हिंची हेल्ट या पार्लरवालीने १९६० साली एका व्यावसायिक मासिकासाठी 'बीहाइव्ह' तयार केली, आणि साठच्या दशकातल्या आपल्या सिनेमाच्या नायिकांचे उंच केस तुम्ही पाहिलेतच. त्या काळी बायका पार्लरमध्ये केलेली स्टाईल कित्येक दिवस जपायच्या. आपल्या नवरीला तीच स्टाईल बारा तासांत उतरवायची असते. म्हणून उतरवण्याचं काम आपल्याकडे जास्त महत्त्वाचं.

सोडवायची रीत अशी. आधी सगळ्या पिना काढा. मग गुंत्यावर कंडिशनर किंवा थोडं खोबरेल तेल लावून पाच-दहा मिनिटं थांबा, स्प्रे मऊ होतो. मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून सुरुवात करा, गुंत्याच्या वरची बट मुठीत घट्ट धरा म्हणजे मुळाला ओढ बसत नाही, आणि हळूहळू वर सरका. गुंता पूर्ण सुटल्याशिवाय शाम्पू नाही. मधल्या बदलाला तेल-कंडिशनर चालत नाही, पुढची स्टाईल बसणार नाही. म्हणून सकाळच्या स्टाईलमध्येच बॅककॉम्बिंग टाळा, अंबाड्याला स्टफिंग द्या आणि पफ संध्याकाळसाठी राखून ठेवा.

तुम्ही म्हणाल, हे सगळं करायला पैसे कोण देणार? मागून तर बघा. समजा तुमचं दोन लूकचं पॅकेज १८,००० रुपयांचं आहे. त्यात 'केस सोडवून देणे' अशी वेगळी ओळ टाका, हेल्परचा पाऊण तास आणि जाण्यायेण्याचा खर्च धरून ७०० रुपये. नवरीची आई ही ओळ वाचेल आणि विचारेल, "हे काय?" तुम्ही समजावून सांगाल तेव्हा तिला कळेल की बाकीच्या तीन कोटेशनमध्ये ही ओळ नव्हती. काही जणी नको म्हणतील. म्हणू देत.

ज्या नको म्हणतील, किंवा ज्यांचं सासर लांबच्या गावी आहे, त्यांच्यासाठी एक छोटी पिशवी तयार ठेवा. मोठ्या दातांचा कंगवा, कंडिशनरची दोन पाऊच, आणि सोडवण्याची रीत मराठीत छापलेला कागद. नवरी बरोबर घाईत असते, म्हणून पिशवी करवलीच्या हातात द्या. आणि त्या कागदावर पेनाने लिहा, डोक्यात एकूण पिना किती लावल्यात. म्हणजे रात्री शेवटची पिन सापडली की ती निवांत झोपेल.