ड्रोनला दिसते, पण ओळख पटत नाही

"सर, ड्रोनला एवढं स्पष्ट दिसतं, मग निष्पाप माणसं कशी मरतात?" नववीतल्या एका मुलाने विचारले. मी त्याला काबूलची घटना सांगितली.

२९ ऑगस्ट २०२१. तीन दिवसांपूर्वीच विमानतळावर आत्मघाती हल्ला झाला होता. अमेरिकन ड्रोन सुमारे आठ तास एका पांढऱ्या टोयोटाच्या मागावर होते. गाडीतले पाण्याचे कॅन त्यांना स्फोटके वाटले. गाडी घरी पोहोचली आणि क्षेपणास्त्र सुटले. १० जण शहीद झाले, त्यांत ७ मुले. चालक एका मदतसंस्थेत नोकरीला होता. १७ सप्टेंबरला अमेरिकेने चूक कबूल केली. शिक्षा मात्र कोणालाच झाली नाही.

बंडखोर वस्तीतच राहतो, गणवेश घालत नाही. ड्रोनमुळे सैनिकाचा जीव वाचतो, हे खरे. पण कोण कोण आहे, हे गल्लीतले लोकच सांगू शकतात, आणि विश्वास असेल तरच ते बोलतात. अशा प्रत्येक जनाज्यासोबत तो विश्वासही दफन होतो.

मोबाइलवर युद्धाचे खेळ खेळणाऱ्या आपल्या मुलांना हे जरूर सांगा.