शाल-श्रीफळानंतर काय?



सेवानिवृत्तीचा समारंभ आपल्याकडे मोठ्या आपुलकीने होतो. शाल, श्रीफळ, हार, दोन-चार भाषणे आणि शेवटी "पुढील आयुष्य सुखाचे जावो" ही शुभेच्छा. पण ते पुढील आयुष्य रोज सकाळी उठून कसे काढायचे, याचा विचार कोणी करीत नाही.

सकाळ बरी जाते. फिरणे, देवपूजा, वर्तमानपत्र, नातवंडांची शाळेची तयारी. दहा-साडेदहाला घर रिकामे होते. मुले नोकरीसाठी नागपूर, पुणे किंवा भोपाळला गेलेली असतील, तर ते पहाटेपासूनच रिकामे असते. मग दुपार संपता संपत नाही. नोव्हेंबर आला की बँकेत हयातीचा दाखला द्यायचा. वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याची नोंद होते. उरलेले 11 महिने ते कोणी विचारीत नाही. घरच्या बाईला आणि संत्र्याच्या बागेत राबणाऱ्या शेतकऱ्याला तर निवृत्तीही नाही आणि शालही नाही.

या सत्रात आपल्या शाळेत सहावी ते आठवीच्या मुला-मुलींनी एक आठवडा भरतकाम केले. शिकवायला शिक्षक नव्हते, गावातील वयस्क मंडळी होती. आयुष्यभर कपडे शिवलेले एक काका, एक निवृत्त परिचारिका, दोन निवृत्त शिक्षिका आणि गोधड्या शिवणाऱ्या तीन आजी. सोमवारी मॅटीच्या कापडावर धावदोरा, मंगळवारी टीप, बुधवारी साखळी टाका आणि काज टाका. गुरुवारी कसुती, शुक्रवारी जुन्या लुगड्यांची गोधडी आणि शनिवारी प्रदर्शन. सहा पदरी दोऱ्यातून दोन पदर न गुंतवता वेगळे काढणे हेच पहिल्या दिवशी अनेकांना जमले नाही. आजींच्या सुईत दोरा ओवून देण्याचे काम मात्र मुलांकडे आपोआप आले. डोळे मुलांचे, हात आजींचे, असा तो आठवडा चालला.

प्रदर्शन झाल्यावर काही पालक भेटले. त्यांचे म्हणणे आम्ही नीट ऐकून घेतले. परीक्षेच्या वर्षात हा वेळ परवडतो का, आणि मुलग्यांना सुई-दोरा कशाला, हे त्यांचे दोन प्रश्न. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणून येथे उत्तर देत आहोत.

आधी वेळेचे पाहू. कसुती हा कर्नाटकातील कशिदा, इरकली लुगड्यांवर शोभणारा. त्यातील गवंती टाक्यात जाताना एक घर भरायचे, एक मोकळे सोडायचे. परत येताना मोकळी घरे भरायची. गाठ कोठेही नाही आणि कापड उलटे केले तरी नक्षी तशीच दिसते. कोणत्या वाटेने जायचे आणि सुरुवातीच्या जागी कसे परतायचे, हे सुई टोचण्यापूर्वी ठरवावे लागते. आठवीतील एका मुलाने आधी फळ्यावर रेघा ओढून वाट शोधली, मग कापड हाती घेतले. याला गणित म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 मध्येही सहावी ते आठवीच्या काळात 10 दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकण्यासाठी सुचविले आहेत. आपल्याला हे नवे नाही. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, तेव्हा वर्धा आणि आपला भाग एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडात होते.

आता मुलग्यांचे. काश्मिरी शालीवरील बारीक सुईकाम परंपरेने पुरुष करीत आले. आपले नामदेव महाराज शिंपी कुळातले. ज्या काकांनी मुलांना काज करायला शिकविले, त्यांनी याच सुईवर आपला संसार चालविला. तुटलेले बटण लावण्यासाठी वसतिगृहातून आईला फोन करणारा मुलगा शिकलेला म्हणावा का, हे पालकांनीच ठरवावे.

आणखी एक गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. आम्ही स्वतः हिंदी माध्यमात शिकलो. हिंदी आपल्या राज्याची भाषा आहे, तिचा आदर आहेच. पण मुलांच्या तोंडी कच्चा टांका आणि बखिया हे शब्द होते. धावदोरा आणि टीप हे त्यांना आजींकडून कळले. 1956 साली राज्य बदलले, 2023 साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. या सगळ्यांत आपली मराठी टिकली ती घरात आणि हातच्या कामात. ते काम थांबले की त्याचे शब्दही जातात. मराठीचा तास वाढवून ते परत येत नाहीत.

महर्षी धोंडो केशव कर्वे 1914 साली फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले. 1916 साली त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. 1936 साली, वयाच्या 78व्या वर्षी, खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी मंडळ स्थापन केले. प्रत्येकाने कर्वे व्हावे अशी अपेक्षा कोणी करू नये. पण निवृत्त माणूस फक्त व्यासपीठावरच्या खुर्चीसाठी असतो, हा समज त्यांनी कधीच खोटा ठरविला आहे.

म्हणून विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की हा आठवडा दरवर्षी वेळापत्रकात असावा. कापड, दोरा, सुया आणि रिंगा यांचा खर्च शाळेने करावा, पालकांवर टाकू नये. शिकविणाऱ्या मंडळींना शाळेत ने-आण करण्याची सोय व्हावी आणि त्यांना मानधन द्यावे, कारण फुकटच्या कामाला आपल्याकडे काम समजत नाहीत. त्यांची नावे शिक्षकांच्या यादीत लागावीत.

पालकांना एवढेच सांगणे की घरी आजी-आजोबा असतील तर या रविवारी त्यांना कोणता टाका येतो ते मुलांना विचारू द्या. विद्यार्थ्यांनो, उत्तर वहीत लिहून आणा. पुढच्या वर्षीचे शिक्षक आम्हांला त्याच वह्यांतून निवडायचे आहेत.