दाराचा फोटो आणि दाराचं काम

"प्रोटीनचा प्रश्न सुटला," असं आम्हा आयटीवाल्यांच्या गप्पांत हल्ली फार ऐकू येतं. अल्फाफोल्डने वीस कोटींहून जास्त प्रोटीनांच्या आकारांचे अंदाज दिले, ते बनवणाऱ्यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेलही मिळालं. संपलं!

काम मोठंच आहे, वाद नाही. पण कोड वाचला म्हणजे प्रोग्राम कळला असं होतं का हो? रात्री दोन वाजता प्रॉडक्शनमध्ये काय होतं ते प्रिंटआउटवर दिसत नाही.

आयन चॅनलचंच घ्या. पेशीच्या आवरणात बसलेलं प्रोटीनचं इवलंसं दार. पोटॅशियमचं दार पोटॅशियमला जाऊ देतं, सोडियमला अडवतं. गंमत म्हणजे सोडियमचा आयन आकाराने लहान! मोठा जातो आणि लहान अडकतो, ही कसली चाळणी? आणि वेग सेकंदाला दहा कोटी आयनांच्या घरातला.

हे कोडं रॉडरिक मॅकिननने सोडवलं. हा मूळचा डॉक्टर, तिशीच्या आसपास संशोधनाकडे वळलेला. १९९८ मध्ये त्याच्या गटाने एका जिवाणूच्या पोटॅशियम चॅनलची रचना क्ष-किरणांनी दाखवली. पाण्यात पोटॅशियमभोवती पाण्याचे ऑक्सिजन असतात. दाराच्या अरुंद भागात प्रोटीनचे ऑक्सिजन अगदी तसेच मांडलेले आहेत, त्यामुळे पाणी सोडून आत शिरताना पोटॅशियमचं काही बिघडत नाही. लहानग्या सोडियमला ते नीट पुरत नाहीत, म्हणून तो बाहेरच. २००३ मध्ये नोबेल मिळालं.

पण गोष्ट इथे संपत नाही. दोन्ही आयनांच्या त्रिज्येतला फरक अर्ध्या अँगस्ट्रॉमहूनही कमी. एवढे तर प्रोटीनचे अणू नुसत्या उष्णतेनेच थरथरतात! मग मापाचा साचा टिकतो कसा? २००४ मध्ये बेन्वा रू आणि सहकाऱ्यांनी सिम्युलेशन करून हेच विचारलं. निवड नुसत्या मापाने होत नाही, त्या ऑक्सिजनांचं आयनाशी आणि एकमेकांशी जे विद्युत नातं आहे त्यातून होते, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे उत्तर स्थिर चित्रात नव्हतं, हालचालीत होतं.

आणि हा नुसता पंडितांचा वाद नाही बरं का. टर्फेनाडिन नावाची ॲलर्जीची गोळी होती. काही परिस्थितीत, विशेषतः काही दुसऱ्या औषधांबरोबर घेतली की, ती हृदयातलं हर्ग नावाचं पोटॅशियम चॅनल बंद पाडायची आणि ठोके जीवघेणे बिघडायचे. १९९८ मध्ये ती अमेरिकेच्या बाजारातून गेली. हर्गची रचना दिसली २०१७ मध्ये. तरी आजही नवं औषध त्या चॅनलचा प्रवाह अडवतं का, हे पेशींवर प्रत्यक्ष मोजूनच बघतात. त्याचं मूळ तंत्र, पॅच क्लॅम्प, नेहेर आणि साकमान यांनी १९७६ मध्ये दाखवलेलं. काचेच्या बारीक नळीचं टोक पेशीला चिकटवायचं आणि प्रवाह मोजत बसायचं.

म्हणून मला वाटतं, "सुटला" हा शब्द जपून वापरावा. तो ऐकून पैसे देणारे हात आखडतात, आणि हुशार पोरं त्या नळीकडे फिरकत नाहीत. आकार कळणं ही सुरुवात आहे. गोळी आपल्या आईवडिलांनी घ्यायची असेल, तर दाराचा फोटो किती सुरेख आहे हे कोण बघतो? ते वेळेवर उघडतंय ना, तेवढं कुणीतरी तपासलेलं हवं.